सोनटक्क्याला नुसती पानंच येतात? लावणीपासून फुलांपर्यंतचा क्रम

सोनटक्का लावला, पानं कमरेच्या वर गेली, दर पावसाळ्यात वाट पाहिली आणि फूल काही आलं नाही, ही तक्रार पुण्यात इतक्या जणांकडून ऐकू येते की सगळं एकदा क्रमानं लिहून काढलेलं बरं. सोनटक्का सहसा मरत नाही, म्हणूनच आपलं काही चुकतंय हे लवकर लक्षात येत नाही. झाड हिरवंगार दिसतं आणि आपण आणखी एक वर्ष थांबतो.

चूक बहुतेक वेळा वेळापत्रकात असते. गौरी-गणपतीच्या सुमाराला जो दांडा फुलतो, तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मातीतून वर आलेला असतो. कोंब फुटल्यापासून शेंड्यावर कणीस, म्हणजे कळ्यांचा तुरा, धरेपर्यंत त्याला साधारण चार ते सहा महिने लागतात. म्हणजे पुण्याची हवा सगळ्यात कोरडी असते त्या एप्रिल-मेमध्येच या झाडाला सगळ्यात जास्त पाणी आणि लक्ष हवं असतं. नेमके तेव्हाच आपण सुट्टीत गावाला जातो, नाहीतर ‘पाऊस पडला की लावू’ म्हणून थांबतो.

पुढचं सगळं पांढऱ्या सोनटक्क्याबद्दल आहे. पिवळा असेल तरी क्रम हाच.

१. आधी सावली तपासा, मग जागा ठरवा

‘सोनटक्का सावलीत येतो’ हे ऐकून लोक तो जिन्याखाली, दाट आंब्याखाली, नाहीतर दोन इमारतींच्या बोळात लावतात. तिथे तो जगतो, पण फुलत नाही. त्याला सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आणि बाकी दिवसभर उघड्या आकाशाचा उजेड लागतो. दुपारी बारा ते चारचं ऊन मात्र अंगावर नको. पुण्यात त्या उन्हात एप्रिलमध्ये पानांच्या कडा आठवड्याभरात करपतात.

जागा पारखायची सोपी रीत अशी. दुपारी एकच्या सुमारास जमिनीपासून हातभर वर आपला पंजा धरा. बोटांची सावली काळी आणि रेखीव पडली तर तिथे ऊन जास्त आहे. सावली पडते पण बोटं वेगवेगळी ओळखू येत नाहीत, अशी जागा सोनटक्क्याची. सावलीच पडत नसेल तर तिथे फुलांचा नाद सोडा आणि फर्न लावा.

ही चाचणी डिसेंबरात करून थांबू नका. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटाला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर सावलीत असणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतीवर आणि बाल्कनीत मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ थेट ऊन येतं. ‘आमची बाल्कनी उत्तरेची, तिथे ऊन नसतंच’ असं सांगणाऱ्यांच्या कुंड्या मेमध्ये का करपतात, त्याचं कारण हे.

दिशांचा हिशेब थोडक्यात: पूर्वेची बाजू सगळ्यात चांगली. उत्तर चालते, फक्त मेमध्ये आडोसा करावा लागतो. दक्षिणेला समोर झाड किंवा इमारत असेल तरच लावा. पश्चिमेच्या बाल्कनीत ग्रीन नेटशिवाय लावूच नका. पन्नास टक्के सावलीची जाळी पुरते.

जमिनीत लावणार असाल तर आणखी एक गोष्ट. बांधकाम नवीन असेल तर सोसायटीच्या कुंपणालगत वरवर माती दिसते, पण वीतभर खाली मुरूम आणि राडारोडा भरलेला असतो. पहारीनं एकदा टोचून बघा. पहार फूटभर सहज गेली नाही, तर तो सगळा भराव काढून माती बदलावी लागेल किंवा सरळ कुंडीकडे वळावं लागेल.

२. गड्डा घेताना

नर्सरीत याला बहुधा ‘बटरफ्लाय जिंजर’ किंवा ‘जिंजर लिली’ म्हणतात. पण फूल नसताना याची पानं आल्याच्या इतर भाऊबंदांसारखीच दिसतात, आणि घाईच्या दिवसांत कुणी कर्दळही हातात देईल. खात्रीचे मार्ग दोन: सप्टेंबरात फुलासकट झाड बघून घेणं, नाहीतर ज्यांच्या दारात फुलं पाहिली आहेत त्यांच्याकडून गड्डा, म्हणजे जमिनीखालचं आल्यासारखं खोड, मागून घेणं. दुसरा मार्ग फुकटचा आणि जास्त भरवशाचा. सोनटक्का तीन-चार वर्षांत इतका पसरतो की बहुतेकांना कमीच करायचा असतो.

मागताना ताटव्याच्या बाहेरच्या कडेचा गड्डा मागा. मधले जुने गड्डे जाडजूड दिसतात, पण त्यांच्यावर जिवंत डोळे (कोंब फुटायच्या जागा) कमी असतात. चांगला तुकडा अंगठ्यापेक्षा जाड, बोटानं दाबल्यावर कडक, सात-आठ सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन फुगीर डोळ्यांचा असतो. डोळा गुलाबीसर किंवा पांढुरका, टोकदार दिसतो. नखानं साल खरवडा: आतून पांढरं आणि आल्याची आठवण करून देणारा वास आला की ठीक. तपकिरी पाणी किंवा कुजका वास आला तर तो तुकडा घेऊ नका, शेजारच्यांनी कितीही प्रेमानं दिला तरी.

तुकडा विळ्यानं कापला असेल तर कापलेल्या बाजूला राख किंवा हळद चोळून एक-दोन दिवस सावलीत ठेवा. जखम कोरडी होते आणि मातीत सडत नाही.

सावधान: निशिगंधाच्या कंदासारखा हा आठवडेच्या आठवडे उघडा वाळवत ठेवायचा नाही. सोनटक्क्याचा गड्डा सुरकुतला की डोळे मरतात. लगेच लावायला जमत नसेल तर ओलसर कोकोपीटमध्ये किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा.

३. माती आणि कुंडी

कुंडी खोल नको, रुंद हवी. गड्डे मातीच्या वरच्या थरात आडवे पसरतात. सोळा ते अठरा इंच रुंद आणि बारा इंच खोल कुंडी किंवा ग्रो बॅग एका रोपाला दोन-तीन वर्षं पुरते. दहा इंचाच्या शोभेच्या कुंडीत पहिल्याच वर्षी गड्डे कडेला टेकतात आणि पुढच्या वर्षी दांडे बारीक निघतात. बुडाला बोटभर रुंदीची चार-पाच भोकं असावीत.

मिश्रण असं: दोन भाग पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. एका कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. घरी ओल्या कचऱ्याचं खत होत असेल तर तेही चालतं, मात्र ते पूर्ण तयार झालेलं हवं. हातात घेतल्यावर पावसानंतरच्या मातीसारखा वास यायला हवा. आंबट वास येत असेल तर अजून महिनाभर थांबा, नाहीतर त्याच्या उष्णतेनं कोवळी मुळं जळतात.

पुण्याच्या काळ्या मातीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ती ओल धरते, हे सोनटक्क्याच्या पथ्यावर पडतं. पण तिच्यात चुना असतो आणि ती अल्कधर्मी असते. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे पाण्याच्या कमतरतेमुळे झालं असं समजून लोक आणखी पाणी घालतात आणि प्रकरण बिघडतं. काळ्या मातीत लावायचं असेल तर निम्मी माती काढून त्या जागी पालापाचोळ्याचं खत घाला. शिरा सोडून पिवळेपणा दिसलाच तर कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात फवारा.

तपासणी: भरलेल्या कुंडीत एक तांब्या पाणी ओता. मिनिटभरात वरचं पाणी जिरून खालून ठिबकायला लागलं तर मिश्रण ठीक आहे. वर डबकं साचून राहिलं तर आणखी कोकोपीट मिसळा.

४. लावणी: फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर

महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा काळ लक्षात ठेवा. थंडी सरलेली असते, माती उबदार होते आणि डोळे आपोआप फुगायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत लावलेला गड्डा गार ओल्या मातीत नुसता पडून राहतो आणि अनेकदा सडतो. जूनमध्ये लावलेला झपाट्यानं वाढतो, म्हणून लोकांना तीच योग्य वेळ वाटते. पण त्याचे दांडे तयार होईपर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो, थंडी येते आणि कणीस राहून जातं. जूनमध्येच गड्डा हाती आला तर लावा अवश्य, फक्त फुलं पुढच्या वर्षीची धरा.

लावायची कृती:

१) माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा. लावताना ती ओलसर असावी, चिखल नको.

२) वरून पाच-सहा सेंटिमीटरचा उथळ चर काढा.

३) गड्डा आडवा ठेवा, डोळे वर. वरची बाजू कुठली हे कळत नसेल तर जुन्या मुळांचे तुटके धागे बघा, ती खालची बाजू.

४) वर तीन-चार सेंटिमीटर मातीचा थर द्या, त्याहून जास्त नको.

५) हातानं हलकं दाबा आणि एकदाच भरपूर पाणी द्या.

जमिनीत दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर सोडा. सुरुवातीला जागा ओकीबोकी दिसेल, दिसू द्या.

इथली नेहमीची चूक खोलीची आहे. बटाट्यासारखा वीतभर खाली पुरला की कोंब वर यायला महिनाभर उशीर होतो आणि तेवढा महिना फुलांच्या हिशेबातून जातो. आपला सोनटक्का कधीतरी खोल लावला गेला असेल तर फेब्रुवारीत वरची माती खुरप्यानं हलकेच बाजूला करा. जुन्या ताटव्यात गड्ड्यांच्या पाठी मातीतून थोड्या डोकावत असतात, ते तसंच असू द्यायचं. त्यांवर माती चढवायची गरज नसते.

५. कोंब येईपर्यंत हात आवरा

कोंब यायला तीन ते पाच आठवडे लागतात. या काळात गड्ड्याला मुळं जवळजवळ नसतात, त्यामुळे तो पाणी फारसं पीत नाही. रोज पाणी घातलं की तो सडतो. मातीत बोट दोन पेरं घालून बघा; कोरडं लागलं तरच पाणी द्या. पुण्यात मार्चमध्ये हे साधारण तीन-चार दिवसांनी येतं.

उकरून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. उकरताना नवा डोळा नखानं तुटतो आणि तो परत येत नाही. पाच आठवडे झाले आणि काहीच दिसत नाही, तर कडेनं बोट घालून गड्डा फक्त दाबून बघा. कडक असेल तर थांबा. मऊ लागला तर काढून टाका, माती उन्हात पसरून वाळवा आणि नव्या गड्ड्यानं सुरुवात करा.

६. एप्रिल आणि मे: फुलं इथे ठरतात

कोंबाला तीन-चार पानं आली की खेळ उलटतो. आता माती कोरडी पडू द्यायची नाही. कुंडीला सकाळी पाणी आणि कडक उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा. जमिनीतल्याला एक दिवसाआड, पण खोलवर. हा मूळचा ओलसर, डोंगराळ जंगलांतला प्राणी आहे. पुण्याची मेमधली दुपार त्याच्या स्वभावात बसत नाही.

आच्छादन हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय आहे. वाळलेली पानं, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते पाच-सात सेंटिमीटर जाड पसरा. दांड्याला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा. सोसायटीत रोज झाडून जाळलेला किंवा पोत्यात भरून फेकलेला पाला खरं तर इथे यायला हवा.

पाणी कुठलं घालता यालाही महत्त्व आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार कुंडीत साठतात, मातीवर पांढरी पापडी दिसते आणि पानांची टोकं तपकिरी होतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी तर त्याहून खारट असतं. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ते रोज याच कुंडीत ओतू नका. याउलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं आणि ते मिळतंही नेमकं उन्हाळ्यात. त्याखाली बादली ठेवा. पूर्वी सोनटक्का मोरीच्या पाण्यावर वाढायचा, हे खरं. पण आताच्या वॉशिंग मशीनच्या पावडरीचं पाणी त्याला नको.

पापडी दिसली असेल तर आठवड्यातून एकदा साधं नळाचं पाणी कुंडीत इतकं घाला की खालून भरपूर वाहून जाईल. क्षार धुऊन निघतात.

या महिन्यांतला शत्रू म्हणजे लाल कोळी. पान उलटं करून उजेडात धरा. खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वरच्या बाजूला फिकट ठिपके दिसले तर तोच. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो आटोक्यात येतो, कारण त्याला कोरडी हवा लागते. फारच वाढला तर संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, निंबोळी तेलाचा फवारा. भर उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात.

सावधान: पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर कुंड्या एकत्र, भिंतीच्या सावलीत आणा आणि शेजाऱ्यांना नेमकं सांगा: ‘या कुंडीला रोज एक बादलीभर.’ ‘झाडांना पाणी घाला’ एवढंच सांगितलं तर ते सगळ्यांना तांब्या-तांब्या घालतात, आणि त्यात काही त्यांची चूक नसते.

७. खत

हे खादाड झाड आहे, पण खताची जात बदलत जायला हवी. एप्रिल ते जून वाढीचा काळ: दर तीन आठवड्यांनी कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत आणि जमल्यास पातळ केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं द्रावण). रासायनिक वापरत असाल तर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीतच.

जुलैपासून नत्र (नायट्रोजन) कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त. युरिया तर अजिबात नको. पानं गर्द हिरवी, लुसलुशीत, लांबलचक आणि फूल शून्य, असं चित्र असेल तर सावलीनंतरचा दुसरा संशयित नत्र असतो. लिटरला दोन ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा दिलं तरी काम भागतं. चुलीची राख काळ्या मातीत टाळा, ती माती आणखी अल्कधर्मी करते.

८. पावसाळा

पाऊस नीट सुरू झाला की पाणी बंद. कुंडीखालच्या ताटल्या काढून टाका. सोनटक्क्याला ओल चालते, पण साचलेल्या ताटलीत डास होतात आणि महापालिकेचे लोक तपासणीला आले की ते आधी तिकडेच बघतात.

दांडे छातीएवढे झाले की वाऱ्यात आडवे पडतात. बाल्कनीत तर हमखास. तीन बांबूच्या काठ्या कुंडीच्या कडेनं रोवा आणि सुतळीचं सैल कडं करा. एकेक दांडा काठीला आवळून बांधू नका, पानांची बुडं त्यात चेपतात.

पान लांबीनं दुमडून नळीसारखं झालेलं दिसलं तर ती नळी उघडा. आत हिरवट अळी असेल. हळदीच्या आणि आल्याच्या पानांवर पडते तीच ही. एवढ्या छोट्या बागेत फवारणीची गरज नाही, हातानं काढा. मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) एकटाच वाळला आणि ओढल्यावर सहज हातात आला तर खोडकिडा लागलाय. तो दांडा बुडातून कापून कचऱ्यात टाका, खतात नको.

गोगलगायी रात्री वेचा. टॉर्च घेऊन नऊनंतर एक फेरी मारली तर आठवड्यात फरक दिसतो. मीठ टाकायची पद्धत सोडा, ते मातीत जातं. विषारी गोळ्या तर घरात कुत्रं असेल तर आणूच नका.

९. फुलं खुडताना

ऑगस्टपासून दांड्याच्या टोकाला हिरव्या खवल्यांचं, बोटापेक्षा थोडं जाड कणीस दिसतं. त्याला दाबून बघू नका. पहिली कळी खवल्यातून बाहेर यायला एक-दोन आठवडे जातात.

एकेका खवल्यात अनेक कळ्या असतात आणि त्या एकामागून एक बाहेर येतात. त्यामुळे एक कणीस दोन-तीन आठवडे फुलत राहतं, फूल मात्र जेमतेम दिवसभर टिकतं. गौरींसाठी लोक अख्खं कणीसच मोडून नेतात आणि पुढच्या पंधरा दिवसांची फुलं एका सकाळी संपतात. त्यापेक्षा दुपारी चार-पाचच्या सुमारास कणसाकडे बघा. आज उमलणारी कळी लांब, पांढरीशुभ्र आणि टोकाशी थोडी फुगलेली असते, उद्याची अजून आखूड आणि हिरवट. पांढरी कळी देठाशी, खवल्याच्या अगदी आत चिमटीत धरून सरळ वर ओढा. खवला जागेवर राहिला पाहिजे. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, दिवेलागणीला उमलतात.

फुलदाणीसाठी कणीस हवंच असेल तर निम्मं फुलून गेलेलं निवडा आणि दोन-तीन पानांसकटच कापा. खालची पानं झाडावर राहू द्या, ती गड्ड्याला पोसत असतात.

१०. छाटणी: बहुतेकांचं इथेच बिनसतं

वेळेच्या चुकीएवढंच नुकसान छाटणीच्या चुकीनं होतं. सोनटक्क्याचा दांडा म्हणजे एकावर एक गुंडाळलेली पानांची बुडं. त्याच्या आतून फुलाचा कोंब वर चढतो आणि शेंड्यातून बाहेर येतो. त्यामुळे गुडघ्याएवढा कापलेला दांडा पुन्हा फुटत नाही, बाजूला फांदी येत नाही आणि त्याला फूल कधीच येत नाही. मेहंदीचं कुंपण जसं कापतात तसा सगळा ताटवा एका उंचीवर कापणं म्हणजे त्या वर्षीची सगळी फुलं कापणं. सोसायटीत माळीकाका हे अगदी मनापासून आणि दर मेमध्ये करतात, पावसाआधी बाग ‘साफ’ दिसावी म्हणून. त्यांना आधी सांगून ठेवा, आणि शक्य असेल तर ताटव्याभोवती दोरी बांधा.

काय कापायचं: ज्या दांड्याच्या टोकाला तपकिरी, रिकामं कणीस आहे, फक्त तोच. तो पुन्हा फुलणार नाही. अगदी मातीलगत, धारदार विळ्यानं कापा. टोकाला कणीस नसलेला हिरवा दांडा कितीही अडगळीचा वाटला तरी ठेवा. पान फाटलं किंवा करपलं असेल तर तेवढं पान काढा.

तपासणी: कात्री लावण्याआधी प्रत्येक दांड्याचा शेंडा बघा. कणीस नाही, तर कात्री नाही.

११. थंडी आणि तिसऱ्या वर्षीची विभागणी

नोव्हेंबरअखेरीपासून वाढ मंदावते, पानं पिवळी पडतात. आजार नव्हे. खत पूर्ण बंद, कुंडीला आठवड्यातून दोनदा पाणी, जमिनीतल्याला एकदा. माती पार भेगाळू देऊ नका. पिवळे, सुकलेले दांडे फेब्रुवारीत बुडातून काढा, हिरवे दांडे मात्र नवे कोंब येईपर्यंत राहू द्या.

दर तिसऱ्या वर्षी विभागणी करावी लागते. कुंडी फुगलेली दिसते, माती वर उचलली जाते, नाहीतर ताटव्याच्या मध्यभागी टक्कल पडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा ताटवा उपसा, माती झटका, बाहेरचे डोळेदार तुकडे निवडा आणि नव्या मातीत चौथ्या टप्प्याप्रमाणे लावा. विभागणीच्या वर्षी फुलं थोडी कमी आणि उशिरा येतात, म्हणून दोन-तीन कुंड्या असतील तर सगळ्या एकाच वर्षी उपसू नका.

इतकं करूनही फूल नसेल तर

याच क्रमानं शोधा. दांड्यांचे शेंडे शाबूत आहेत का? नसतील तर उत्तर मिळालं. शाबूत असतील तर जुलैमध्ये हाताच्या सावलीची चाचणी पुन्हा करा. शेजारचं झाड दोन वर्षांत वाढून जागा काळोखी झालेली असते, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. उजेड ठीक असेल तर मेमध्ये पाण्याचा खंड पडला होता का ते आठवा. दांडे पेन्सिलीएवढे बारीक आणि दाटीवाटीनं उभे असतील तर विभागणी राहिलीय. लावणीला पहिलंच वर्ष असेल आणि लावणी जूनमधली असेल तर काहीही करू नका.

विभागणीतून उरलेले गड्डे ओल्या कागदात गुंडाळून आठवड्याच्या आत कुणालातरी द्या, जुने बिनडोळ्यांचे तुकडे उन्हात खडखडीत वाळवून मगच टाका. ओढ्यात, नाल्यात किंवा नदीकाठी मात्र टाकू नका. ओल मिळाली की छोटा तुकडाही रुजतो. हवाई बेटांवर आणि दक्षिण आफ्रिकेत बागेतून निसटलेल्या याच झाडानं ओढ्यांचे काठ व्यापले आहेत, आणि तिथे ते आता उपद्रवी झाड म्हणून उपटावं लागतं.